हंड्याला मिठी

कुलरला मिठी मारून उभी असलेली मी आणि दारात रिकामी बाटली घेऊन उभी असलेली नववी ब मधली मनस्वी, असं आम्हां दोघींचं चित्र किती वेळ तसंच राहिलं ते मला सांगता येणार नाही. शाळेतला पाण्याचा कुलर, स्टीलचा, माझ्या खांद्याएवढा, गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी दिलेला. त्यांची नावं कोरलेली पट्टी नेमकी माझ्या गालाखाली आली होती. डिसेंबर चालू होता. रत्नागिरीतली थंडी ती काय, पण स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हौसेनं स्वेटर बाहेर काढले होते, आणि मी मात्र तिसऱ्या तासाला जाता जाता व्हरांड्यात थांबले होते, कारण पोटातून जाळ उठला होता. तो असाच उठतो. छातीत येतो, मानेवर चढतो, कानाच्या पाळ्या तापतात, केसांच्या मुळांतून घाम फुटतो आणि सरतेशेवटी तोंडात तांब्याच्या भांड्याची चव येते. व्हरांड्यात कोणी नव्हतं. मी आधी नुसता तळवा टेकवला, मग मनगट. मग भूगोलाच्या बाई म्हणून, एका तुकडीची वर्गशिक्षिका म्हणून, पन्नाशीची भारदस्त बाई म्हणून जे काही अंगावर वागवावं लागतं ते सगळं बाजूला ठेवून मी त्या कुलरला दोन्ही हातांनी कवटाळलं, गाल टेकवला आणि म्हटलं, "असाच राहा. असाच राहा जरा."

मला लाज वाटली नाही हे आधी सांगते. लाज नंतर आली, रीतसर, घरी गेल्यावर. तिथं उभ्या उभ्या मला भीती वाटली, कारण ते वाक्य माझं नव्हतं. ते गोदूआत्याचं होतं. "राहा" मधला रा थोडा लांबवायचा आणि "जरा" म्हणताना श्वास सोडून द्यायचा, ही तिची पद्धत होती. छत्तीस वर्षांत मी ते वाक्य मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. त्याच्या वाटेनं जायची वेळ आली की लांबून वळसा घालत होते. आणि आता ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं होतं, आणि दारात एक चौदा वर्षांची मुलगी उभी होती. तेव्हाही दारात चौदा वर्षांचीच मुलगी उभी होती. ती मी होते.

"बाई, पाणी भरू?" मनस्वीनं विचारलं. मी बाजूला झाले. तिनं बाटली लावली, भरून येईपर्यंत पाण्याच्या धारेकडे बघत राहिली आणि झाकण लावताना म्हणाली, "बाई, बरं नाहीये का?" मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "भरलंस ना? वर्गात जा." ती गेली. वळणावर एकदाच मागं वळून बघितलं तिनं. ते बघणं मला चांगलं ओळखीचं होतं. त्यात द्वेष नसतो, दयाही नसते, नुसतं साठवून घेणं असतं. पाठोपाठ मी त्याच वर्गात गेले आणि वारे शिकवू लागले. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते... शब्द गेला. पंचवीस वर्षं शिकवलेला शब्द. जिभेवरून कोणीतरी उचलून नेला. पंचेचाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या बाकावरून मनस्वी म्हणाली, "मतलई." मी म्हटलं, "बरोबर," जणू मी तिची परीक्षाच घेत होते. खडू हातात ओला झाला होता.

देवदत्तला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी यातलं काही सांगितलं नाही. तो भला माणूस आहे. गेलं वर्षभर आमच्या खोलीत एकाच वेळी पंखा पाचावर आणि त्याच्या अंगावर दोन गोधड्या असा संसार चालला आहे. "तुझा वारा, माझं पांघरूण," एवढंच म्हणून तो कूस बदलतो. त्यानंच मला डॉक्टर हेमांकडे नेलं होतं, ओढूनच म्हणा. पाळी बंद होऊन चौदा महिने झाले होते, आणि मी समजत होते की चला, सुंठीवाचून खोकला गेला. खोकला कुठला जायला; तो आता आला होता. डॉक्टर माझ्याहून लहान, केस आखूड, बोलणं सरळ. "हे वयच असं आहे, सोसा, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "रजोनिवृत्ती हा आजार नाही. पण तिचा त्रास होतो, आणि त्रासावर उपाय आहेत." त्यांनी रक्त तपासायला लावलं, थायरॉईड, साखर, सोनोग्राफी, छातीची मॅमोग्राफी, सगळं. दुसऱ्या खेपेला रिपोर्ट बघून म्हणाल्या की हे सरसकट सगळ्यांना देत नाही, पण तुम्हाला गाठबीठ काही नाही, रक्तदाब ठीक आहे, तेव्हा हार्मोन्सची कमी मात्रेची गोळी देता येईल आणि दर तीन महिन्यांनी बघू. चहा दोन कपांवर आणा. नाचणी, तीळ, दूध. सकाळचं ऊन. आणि चाला, भाजी आणायला जाता त्याला चालणं म्हणत नाहीत. जाळ कधी उठतो ते वहीत लिहून ठेवा. मग त्यांनी फाइलमधला एक कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. घरात, जवळच्या नात्यात कोणाला मानसिक आजार? नाही. वय झाल्यावर खुब्याचं, मणक्याचं हाड मोडलेलं कोणी? नाही. आई, मावशी, आत्या? "नाही," मी तिसऱ्यांदा म्हटलं. देवदत्तनं माझ्याकडे बघितलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला.

गोळ्या आणल्या. पट्टी कपाटाच्या खणात रुमालांच्या खाली ठेवली आणि एकही घेतली नाही. बाकीचं सगळं मी इमानेइतबारे केलं. पहाटे उठून नाचणे रोडनं तासभर चालत होते, नाचणीची आंबील पीत होते, चहा सोडला, वहीत तारीख-वेळ घालून जाळाची नोंद करत होते. सांगितलेलं जे जे कष्टाचं ते ते केलं; ज्यानं बरं वाटेल ते तेवढं ठेवून दिलं. देवदत्त विचारी, "गोळीनं फरक पडतोय का?" मी म्हणे, "वेळ लागतो." खरं कारण मला माहीत होतं, आणि ते कोणत्याही डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं. मला वाटत होतं की हे माझ्या वाटणीचं आहे. जिला यातलं काहीच मिळालं नव्हतं, ना पंखा, ना गोळी, ना कोणी विचारणारं, तिच्या पुढ्यात बसून मी खुशाल बरी कशी होऊ? आणि दुसरी एक भीती त्याच्याही खाली होती. आत्या माझ्या बापाची सख्खी बहीण. रक्त तेच. तिला जे लागलं होतं म्हणतात ते खरंच काही असेल तर ते आता माझ्याकडे आलं होतं.

गोदूआत्या सत्ताविसाव्या वर्षी विधवा होऊन आमच्या घरी, पावसजवळच्या गावी परत आली ती कायमची. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. आमचं स्वयंपाकघर तिचं होतं. आई म्हणायची, मी या घरची सून आणि गोदूवन्सं या घरच्या मालकीण. म्हणायची ते हसून, पण म्हणायची. आत्या कामाला वाघ होती, बोलायला तिखट, आणि माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की डोळे ताणले जात. एकोणपन्नासाव्या वर्षी तिचं काहीतरी बिनसलं. पानं वाढता वाढता ती उठून मागच्या दारी जायची. घामानं लुगडं भिजायचं. क्षुल्लक गोष्टीवरून रडायची, भांडी आपटायची, आमटीत दोनदा मीठ घालायची आणि मग आपणच डोकं धरून बसायची. भर थंडीत अंगावर धोंडा पडल्यासारखी जागी होऊन पडवीत येऊन बसायची. आणि मागच्या दारी, न्हाणीशेजारी, आमचा तांब्याचा मोठा हंडा होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला, विहिरीच्या पाण्यानं भरलेला. एका दुपारी शाळेतून लवकर आले तर आत्या त्या हंड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली होती. गाल तांब्याला लावलेला, डोळे मिटलेले. "असाच राहा," ती म्हणत होती, "असाच राहा जरा." हंडा अर्धा रिकामा होता, आणि अर्धा रिकामा हंडा घुमतो हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिचा आवाज आत जाऊन जाडाभरडा होऊन परत येत होता. तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि हसली. "काय गो, भूक लागली?" एवढंच म्हणाली. मला ती त्या क्षणी फार आवडली होती, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मग घरात कुजबुज वाढली. आप्पा, माझे वडील, तसे वाईट नव्हते. शाळामास्तर होते, वर्तमानपत्र वाचणारे. पण घरात काही कळेनासं झालं की देवाला कौल लावायचा ही आमच्याकडची जुनी रीत, आणि ती मोडायचं त्यांच्या मनात कधी आलं नाही. देवळाच्या गुरवाला आधी घरी बोलावलं. पडवीत आप्पा, आई, दोन भाऊबंद, माझा मोठा भाऊ परशुदादा आणि खांबाला टेकून आत्या, सगळे बसले. कोणी काय काय पाहिलं ते ज्यानं त्यानं सांगायचं होतं. मी दारात उभी होते. आप्पा म्हणाले, "नीरू, तू काही पाह्यलंस का गो?" आणि सगळी डोकी माझ्याकडे वळली. आमच्या घरात चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माझं बोलणं म्हणजे मागच्या दाराचं बोलणं. मी सांगितलं, आत्या हंड्याला मिठी मारून त्याच्याशी बोलत होती. कोणीतरी श्वास आत ओढला. तिथं थांबायला हवं होतं. पण सगळे अजून माझ्याकडेच बघत होते, आणि ते बघणं संपू नये असं मला वाटलं. "आणि आतून कोणीतरी उत्तर देत होतं," मी म्हटलं. गुरवानं मांडी बदलली. "बापयाचा आवाज की बाईचा?" त्यानं विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "बापयाचा," मी म्हटलं.

आप्पांनी आत्याला विचारलं, "गोदू, पोर म्हणते ते खरं काय?" आत्या माझ्याकडे बघत राहिली. किती तरी वेळ. मग म्हणाली, "पोर म्हणते ते खरं. उत्तर येतं." त्या एका वाक्यावर मी छत्तीस वर्षं जगले आहे. ती स्वतःच हो म्हणाली होती. म्हणजे मी पदरचं घातलं असेल, पण कदाचित ते खरंही असेल. कदाचित तिला खरंच कोणी तरी उत्तर देत असेल. दुसऱ्या दिवशी देवळात गुरवानं देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: बा म्हाराजा, ही तुझी लेक, हिच्या पाठी जे लागलंय ते घरात ठेवून शमणार असंल तर उजवी दे, घराबाहेर ठेवून शमणार असंल तर डावी दे. डावी पडली. तिसरी पाकळी कोणी लावली नव्हती. हिला होतंय तरी काय, हा प्रश्न देवाला कोणी विचारलाच नाही, मग त्यानं तरी काय सांगावं. आत्याला बागेतल्या मांगरात नेऊन ठेवलं. आंब्याच्या दिवसांत राखणदार झोपायचा आणि एरवी पेंढा भरून ठेवायचे ती चिऱ्याची एका खोलीची झोपडी. हौसा नावाची गडीण रोज दुपारी जेवण पोचवायची. चार दिवसांसाठी म्हणून गेलेली आत्या तिथं अकरा वर्षं राहिली. दोन-तीन वर्षांत तिचं घाम येणं थांबलं असणार, आता मला हिशेब कळतो. पण तोवर तिला परत आणायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. साठाव्या वर्षी सकाळी उंबऱ्याला अडखळून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हौसा जेवण घेऊन गेली तेव्हा दुपार झाली होती. चौथ्या दिवशी आत्या गेली. मी तेव्हा लग्न होऊन रत्नागिरीत होते. मी गेले, रडले, तेराव्याला जेवले आणि परत आले.

तर आता मनस्वी काय सांगेल, या एका विचारावर माझा तो आठवडा गेला. ती मुलगी बोलकी आहे. हातखंब्याहून एसटीनं येते, एसटीत मैत्रिणी असतात, घरी आई असते, आईकडे पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. भूगोलाच्या बाई कुलरशी बोलतात. आणि मग कोणीतरी विचारेल, आणखी काय करतात? आणि त्या वेळी सगळे तिच्याकडे बघत असतील. व्हरांड्यात दोन मुली हसल्या तरी माझ्या मानेवर जाळ चढायचा. गुरुवारी शिपाई सांगत आला की मुख्याध्यापकांनी बोलावलंय. जिना चढताना मी दोनदा थांबले. सर म्हणाले, "बाई, सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे तुमच्याकडे राहिलेत का?" मी हो म्हटलं आणि खाली येऊन पाण्याचे दोन ग्लास प्यायले, कुलरकडे न बघता. तांब्याची चव दिवसभर गेली नाही. कधी कधी वाटायचं की फळ्याकडे तोंड केलं की मागं बाकांच्या ओळीत शेवटी कोणीतरी लुगडं सावरून बसलंय, आणि वळलं की नाहीसं होतं. मला भुताखेतांवर विश्वास नाही. पण विश्वास नसलेल्या माणसाला ती दिसत नाहीत असं कोणी सांगितलंय?

रविवारी मी एकटीच गावी गेले. बागेत मोहोर फुटला होता आणि फवारणीचा वास त्याच्यावर बसला होता. परशुदादाच्या मुलानं, अनिशनं, घराला होमस्टे केलंय. फाटकापाशीच तो हंडा दिसला. त्यात मनीप्लँट लावलंय, आणि तांबं काळं पडू नये म्हणून वरून काहीतरी चकचकीत फासलंय. "आत्या, मांगर बघ," अनिश मला मोठ्या उत्साहानं म्हणाला. त्याच्या तोंडून "आत्या" ऐकून मी दचकले. त्याची मी आत्याच आहे. मांगरात त्यानं फरशी घातली होती, पांढरा पलंग, संडास-बाथरूम, आणि एक भिंत तशीच उघड्या चिऱ्याची ठेवली होती, पाहुण्यांना आवडते म्हणून. आणि एसी बसवला होता. "अठरावर ठेवलाय. मुंबईच्या लोकांना लागतो," तो म्हणाला. मला हसू आलं. ते हसू कुठे ठेवावं ते मला कळेना.

जेवणानंतर परशुदादा पडवीत सुपारी कातरत बसला होता, त्याच खांबाला टेकून. दादाचं वय आता पंचावन्न, पण बसतो आप्पांसारखा. मी त्याला सगळं सांगितलं नाही, पण पुष्कळ सांगितलं. जाळ, घाम, कुलर, ती मुलगी. मग म्हटलं, "दादा, मी त्या दिवशी खोटं बोलले. बापयाचा आवाज वगैरे काही नव्हता. हंडा घुमत होता नुसता." म्हणता म्हणता पुढे आधारही देऊन टाकला, "पण आत्या स्वतःच हो म्हणाली ना. तिला तसं वाटत असेल काहीतरी."

दादाचा अडकित्ता थांबला. "अगो, ती तुझ्यासाठी हो म्हणाली."

"म्हणजे?"

"मी एकदा फणस द्यायला गेलो होतो मांगरात. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी. विचारलं, आत्ये, तू हो कशाला म्हणालीस? तर तिनं मला सांगितलंन की नाही म्हटलं असतं तर पोर खोटी पडली असती. गुरवासमोर, चार माणसांत. चौदाव्या वर्षी पोरगी एकदा खोटी ठरली की पुढं तिचं खरं कोणी धरत नाही. आणि म्हणाली, माझं काय रे, मला नाहीतरी घरात उकडतंच. इथं वारा तरी आहे."

मी म्हटलं, "आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तू कधी विचारलंस?" दादा म्हणाला. त्यात राग नव्हता. तो पुन्हा सुपारी कातरू लागला, आणि थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, "मी तरी काय केलं गो. वीस-एकवीस वर्षांचा घोडा होतो. फणस दिला आणि परत आलो."

जरा पडते म्हणून मी मांगरात गेले आणि दार लावून घेतलं. एसी घरघरत होता. भिंतीचा चिरा गार झाला होता. मी पलंगावर पडले नाही. त्या उघड्या भिंतीपाशी जमिनीवर बसले आणि जाळाची वाट बघितली. एरवी नको तेव्हा येणारा तो तिथं चांगला पंधरा मिनिटं आला नाही. मग आला, पोटातून, छातीतून, मानेवर, आणि मी गाल चिऱ्याला लावला. चिरा खरखरीत असतो, गालाला बोचतो. अकरा वर्षं तिनं याच भिंतीला गाल लावला असेल, दुसरं होतंच काय? "असाच राहा," मी म्हटलं, "असाच राहा जरा," आणि कान देऊन ऐकलं. खरं सांगते, मला उत्तर हवं होतं. बापयाचं, बाईचं, कोणाचंही. तिथं काही भूत असतं तर मी त्याच्या पाया पडले असते, कारण मग मी खोटी ठरले नसते आणि तिनं माझ्यासाठी काही केलंय असंही ठरलं नसतं. कोणी उत्तर दिलं नाही. ती मला धरायला कधी आलीच नव्हती. मीच तिला धरून बसले होते, तिचा जाळ भोगला की फिटलं अशा हिशेबानं, आणि तिनं तर त्याच दिवशी पडवीत सगळं सोडून दिलं होतं. मी तिथं खूप रडले. बाहेरून अनिश विचारत होता, "आत्या, थंडी जास्त होतेय का? कमी करू?"

सोमवारी मधल्या सुट्टीत मी मनस्वीला नकाशे ठेवायच्या निमित्तानं थांबवलं. नकाशे गुंडाळून झाले तरी मला सुरुवात करता येईना. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी कुलरपाशी मी उभी होते, ते तू कोणाला सांगितलंस का?"

"हो," ती म्हणाली.

"कोणाला?"

"आईला. आणि अपूर्वा विचारत होती पाणी आणायला एवढा उशीर का, तर तिला."

"काय सांगितलंस?"

"बाईंना गरम होत होतं."

"आणि?"

"आणि काय बाई? एवढंच."

"मी काहीतरी बोलत होते. ऐकलं नाहीस?"

"ऐकलं ना." तिनं नकाशाची दोरी बांधली, गाठ नीट बसली का ते बघितलं. "पण ते तुम्ही कुलरशी बोलत होता. माझ्याशी नाही." मग मला बरं वाटावं म्हणून की काय, जाता जाता म्हणाली, "माझी आई तर फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभी राहते. बाबा ओरडतात." आणि पळाली. मी त्या रिकाम्या वर्गात बाकावर बसून राहिले. चौदा वर्षांच्या मुलीला हे इतकं सोपं असू शकतं. पाहिलं तेवढं सांगायचं आणि थांबायचं.

त्या दिवशी घरी जाऊन खणातली पट्टी काढली. देवदत्त ओट्याशी उभा होता; त्यानं पट्टीतल्या सगळ्या गोळ्या जागच्या जागी बघितल्या आणि पाण्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. बुधवारी डॉक्टरांकडे गेले, या वेळी एकटी.

"गोळ्या कशा चालल्यात?" डॉक्टर हेमांनी विचारलं.

"घेतच नव्हते. परवापासून घेते आहे," मी म्हटलं. "आणि मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलं. माझ्या आत्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. साठाव्या वर्षी. त्यातच गेली."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या की बरं झालं सांगितलंत, मग हाडांची घनता तपासून घेऊ, ड जीवनसत्त्वही बघू, आणि नुसतं चालून भागणार नाही, थोडं वजन उचलायचा व्यायाम हवा. हे सगळं लिहून त्यांनी तो जुना कागद पुढे ओढला. माझं "नाही" तिथं तीनदा लिहिलेलं होतं. "आणि त्यांना दुसरं काही होतं का? मनाचं, वागण्याचं?"

तोंडात तांब्याची चव आली. आत्याबद्दल मला पुन्हा कोणीतरी विचारत होतं आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघत थांबलं होतं. पंखा फिरत होता. मी घाई केली नाही.

"लोक पुष्कळ काही म्हणायचे," मी म्हटलं. "तिला गरम होत होतं."

"आणि?"

"आणि काही नाही. एवढंच."

डॉक्टरांनी आत्यापुढचं माझं "नाही" खोडलं आणि तिथं "गरम होत होतं" एवढंच लिहून घेतलं.